धुण्याची विद्या

दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना गांधीजींना परटाचे बिल जड जाऊ लागले. कॉलर रोज बदलावयाची, सदरा एक दिवसाआड बदलावयाचा, आणि परीट मात्र वेळेवर यावयाचा नाही. त्यामुळे डझनांनी कपडे असूनही ते अपुरे पडत. अखेर त्यांनी धुण्याचे साहित्य आणले, त्या विषयावरील एक पुस्तक विकत घेतले आणि ही विद्या स्वतः शिकून कस्तुरबांनाही शिकविली. पहिली कॉलर मात्र फसली. खळ प्रमाणाबाहेर झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कापड जळेल या भीतीने ती नीट दाबली गेली नाही. ती कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा तिच्यातून खळ गळत होती. बॅरिस्टर मंडळींना हसावयास चांगले निमित्त मिळाले. आत्मकथेत ही हकीकत त्यांनी मोकळ्या मनाने सांगितली आहे.

वसतिगृहात प्रथमच राहावयास गेलेला विद्यार्थी, पुण्याहून दिल्लीस बदली होऊन एकटा राहणारा नोकरदार, किंवा घरातील धुणे करणारे माणूस अंथरुणाला खिळल्यावर बादलीपुढे उभा राहिलेला गृहस्थ, या सर्वांची पहिली कॉलर बहुधा अशीच फसते. द्रव्य अधिक आणि जोर अधिक, म्हणजे कपडा अधिक स्वच्छ, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे.

कपड्यावरील कोरडी धूळ झटकली की जाते. जी जात नाही ती घामातील व त्वचेवरील तेलकटपणामुळे धाग्याला चिकटून बसलेली असते, आणि तेलाचे व पाण्याचे जुळत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तो तेलकट मळाला वेढून धाग्यापासून सोडवितो आणि पाण्याच्या स्वाधीन करतो. या कामाला वेळ लागतो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजलेला सुती सदरा निम्मा धुऊन झालेलाच असतो. मग कॉलर, बाह्यांची टोके आणि काखा एवढेच चोळावयाचे उरते. रात्रभर भिजत घालणे मात्र नको. त्याने कपड्याला वास येतो, आणि कच्चा रंग शेजारच्या कपड्यावर चढतो. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर तो कपडा वेगळा धुवावा.

कित्येक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि पांढुरका चोथा तयार होतो. फेस येत नाही म्हणून नवशिका आणखी साबण घासतो, चोथा आणखी वाढतो आणि कपडा करडा दिसू लागतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा, किंवा साबणाऐवजी डिटर्जंट वापरावे. रेशीम व लोकर यांना मात्र सोडा वर्ज्य. हे धागे प्राणिज प्रथिनांचे, आणि क्षाराने ते दुर्बल होतात. त्यांना रिठ्याचे पाणी मानवते. लोकर पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावी आणि सपाट पसरून वाळवावी.

डागांच्या बाबतीत घाई नडते. रक्ताचा किंवा दुधाचा डाग प्रथम थंड पाण्यानेच धुवावा, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने गोठतात आणि डाग पक्का होतो. आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो, आणि नवशिक्याच्या तोंडचे पाणी पळते. वास्तविक यात अनर्थ काही नाही. हळदीतील रंगद्रव्य क्षारात तांबडे होते, एवढेच. साबण निघून गेला की ते पुन्हा पिवळे होते, आणि ऊन त्याला फिके करते. पांढरा कपडा ओला असतानाच उन्हात घातल्यास उन्हाचे एक-दोन दिवस त्या डागाला बहुधा पुरतात.

खळबळताना शेवटचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नये. राहिलेला साबण इस्त्रीखाली पिवळा पडतो. निळीने मळ निघत नाही, तिची निळी झाक पांढऱ्याचा पिवळटपणा केवळ झाकते. म्हणून ती पाण्यात पूर्ण मिसळल्यावरच कपडा बुडवावा, नाहीतर ठिपके उठतात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. धुलाई यंत्र वापरणाऱ्यालाही यातले फारसे काही चुकत नाही; ते तोंडोतोंड भरले तर कपड्यांना हलावयास जागा उरत नाही, आणि मळ जेथल्या तेथे राहतो.

राहिली इस्त्री. सुती कपडा किंचित दमट असताना चांगल्या तापलेल्या इस्त्रीने करावा. रेशीम आणि कृत्रिम धागे मंद उष्णतेवर, उलट बाजूने. गांधीजी पुढे यातही तरबेज झाले. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे त्यांच्याजवळ होते. रानडे १९०१ सालीच निवर्तले होते, आणि गोखले ते उपरणे विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी ते चुरगळलेले निघाले, आणि लाँड्रीत पाठविण्यास अवधी नव्हता. गांधीजींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. त्यांच्या वकिलीवर गोखल्यांचा भरवसा होता, परीटपणावर नव्हता. डाग पडला तर काय, अशी त्यांना धास्ती होती. गांधीजींनी आग्रह धरला, इस्त्री केली, आणि गोखल्यांनी ती पसंत केली.