गिल्डयुद्धांची ओढ का टिकून आहे?

संगणकावरील खेळ काही वर्षांत जुने होतात, त्यांची चित्रे ओबडधोबड वाटू लागतात आणि खेळाडू नव्या खेळांकडे वळतात, हा या व्यवसायाचा सर्वसाधारण नियम. ‘गिल्ड वॉर्स’ हा खेळ २८ एप्रिल २००५ रोजी बाजारात आला. त्याचा उत्तराधिकारी ‘गिल्ड वॉर्स २’ २०१२ मध्ये दाखल झाला. नव्या खेळाची चित्रे अधिक देखणी, जग अधिक विस्तीर्ण. तरीही जुन्या खेळाडूंच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो आणि त्याबरोबर हळहळही व्यक्त होते. तो विषय म्हणजे ‘गिल्ड विरुद्ध गिल्ड’, अर्थात ‘जीव्हीजी’ या नावाने ओळखला जाणारा लढतीचा प्रकार. ही हळहळ केवळ सरलेल्या तारुण्याची आहे, की खरोखरच काही हरवले आहे?

गिल्ड म्हणजे काय?

मध्ययुगीन युरोपात कारागीर आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांना गिल्ड म्हणत. आपल्याकडील प्राचीन ‘श्रेणी’ हा त्याच जातीचा प्रकार. ऑनलाइन खेळांनी हा शब्द उचलला तो खेळाडूंच्या कायमस्वरूपी संघासाठी. गिल्डला नाव असते, चिन्ह असते, प्रमुख असतो आणि सदस्यांची यादी असते. एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या देशांतील माणसे या यादीत एकत्र येतात.

अशा संघांना परस्परांविरुद्ध लढविण्याची कल्पना ‘गिल्ड वॉर्स’च्या आधीची. दक्षिण कोरियातील ‘लिनिएज’ या १९९८ च्या खेळात संघ किल्ल्यांना वेढा घालत आणि किल्ला जिंकणाऱ्याला कराचे उत्पन्न मिळे. त्याच देशात तयार झालेल्या ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’मध्ये ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी किल्ल्यांतील ‘एम्पेरियम’ नावाचा स्फटिक फोडण्यासाठी गिल्ड तुटून पडत. या खेळाची स्वतंत्र सेवा काही काळ भारतातही चालविली गेली. अशा वेढ्यांत संख्याबळाला मोठे महत्त्व होते. ज्याच्याकडे माणसे अधिक आणि त्यांच्याकडे वेळ अधिक, त्याचे पारडे जड.

आठ गडी, एक सरदार

अमेरिकेतील ‘अरेनानेट’ या कंपनीने ‘गिल्ड वॉर्स’मध्ये नेमका हाच दोष दूर केला. दोन्ही बाजूंना आठच खेळाडू. कोणाचेही पात्र विसाव्या पातळीच्या वर जात नसे. एवढेच नव्हे, तर केवळ लढतींसाठी थेट विसाव्या पातळीचे पात्र तयार करता येई. त्यामुळे महिनोन्‌महिने खेळून साठविलेल्या शस्त्रांचा फारसा उपयोग नसे. कौशल्ये पुढे हजाराहून अधिक झाली, पण लढतीत प्रत्येकाला त्यांतील आठच नेता येत. कोणती आठ न्यायची, हे एकट्याने नव्हे तर संघाने मिळून ठरवायचे.

लढत होई ती गिल्डच्या स्वतःच्या प्रांगणात. प्रत्येक बाजूला संगणकाने चालविलेला एक ‘गिल्ड लॉर्ड’ म्हणजे सरदार असे, त्याच्याभोवती रक्षक आणि धनुर्धारी. शत्रूचा सरदार मारला की विजय. मैदानाच्या मध्यावर निशाणाचा चौथरा असे. आपले निशाण तिथे सलग दोन मिनिटे टिकले, तर संपूर्ण संघाचे बळ वाढे. म्हणून एक गडी सतत निशाण वाहून नेण्याच्या कामावर असे. दोघे-तिघे मागच्या वाटेने शत्रूच्या गोटात शिरत आणि उरलेल्यांना तेवढा वेळ कमी संख्येने मैदान धरून ठेवावे लागे. मागच्या बाजूला जखमा बऱ्या करणारे ‘मॉन्क’ कोणाला वाचवायचे आणि कोणाला सोडायचे, याचा निर्णय क्षणार्धात घेत.

या रचनेत एकट्याच्या पराक्रमाला मर्यादा होती. निशाण वाहणाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नसे, पण तो चुकला तर सामना हातचा जाई. फेब्रुवारी २००६ मध्ये तैवानची राजधानी तैपेई येथे या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. कोरियाच्या ‘वॉर मशीन’ या गिल्डने ती जिंकली. विजेता म्हणून नोंद झाली ती गिल्डची.

वाट पाहणे संपले, आणि...

मग हे मागे का पडले? एक कारण खेळांच्या बदललेल्या रचनेत आहे. संघ जमविणे हे वेळखाऊ काम. कोणी जेवायला गेलेला, कोणाचे इंटरनेट बंद, कोणाची परीक्षा. कबड्डीला सातवा गडी येईपर्यंत मैदानावर ताटकळावे, तसाच हा प्रकार. रिकाम्या जागी संगणकाचे भाडोत्री गडी किंवा बाहेरचे पाहुणे घेता येत, पण तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यापुढे भाडोत्री गड्यांचा निभाव लागणे कठीण.

हा त्रास कमी करण्याचा मार्ग व्यवसायाने शोधला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २००६ मध्ये वेगवेगळ्या सर्व्हरवरील खेळाडूंना एकाच रणांगणावर आणले आणि २००९ मध्ये मोहिमांसाठी अनोळखी सोबती आपोआप जुळवून देणारी सोय सुरू केली. बटण दाबावे, थोडे थांबावे, खेळावे आणि निघून जावे. ‘गिल्ड वॉर्स २’नेही पाच-पाच जणांच्या झटपट लढती पुढे केल्या, तिथे एकट्यानेही रांगेत उभे राहता येई. सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याच्यावाचून आपले अडत नाही, त्याचे नाव लक्षात ठेवण्याचे कारणही उरत नाही. प्रतीक्षेबरोबर परस्परांची गरजही नाहीशी झाली.

खेळाडूंनी हे आपल्या कृतीतून दाखवून दिले. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये जीव्हीजीची अधिकृत सोय नसताना काही गिल्डांनी मोठ्या युद्धभूमीच्या कडेला जागा ठरवून, आपसांत नियम करून लढती खेळल्या. कंपनीने २०१५ मध्ये ‘स्ट्राँगहोल्ड’ हा प्रकार आणला. त्यात सरदाराला मारण्याचा जुना नियम परतला. पण संघ पाचांचा होता आणि मैदान गिल्डचे नव्हते.

नाण्याची दुसरी बाजू

आठवणी नेहमीच निवडक असतात. जीव्हीजीचे दार नवख्यांसाठी फारसे उघडे नव्हते. आठ जागा एकदा भरल्या की नवव्याला बाहेर बसावे लागे. अनुभव नाही म्हणून संघ नाही आणि संघ नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात अनेक जण अडकत. पराभवानंतर दोष कोणाचा, यावरून गिल्ड फुटत. ठरलेल्या वेळी हजेरी लावण्याचे बंधन नोकरी आणि संसार सुरू झाल्यावर झेपेनासे होई. आज हळहळणाऱ्यांपैकी किती जणांना आठवड्यातील दोन रात्री त्यासाठी राखून ठेवता येतील, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावा असा आहे.

आणखी एक अडचण गणिताची. एका लढतीला सोळा खेळाडू लागतात, आणि तेही दोन तुल्यबळ संघांत विभागलेले. गिल्ड कमी झाल्या की प्रतिस्पर्धी मिळायला वेळ लागतो. वेळ लागला की आणखी काही जण कंटाळून जातात. एकट्याने खेळायचा खेळ एका माणसाच्या इच्छेवर जिवंत राहतो. जीव्हीजी तसा राहू शकत नाही.

म्हणूनच या ओढीचे स्वरूप वेगळे आहे. जुने पुस्तक कपाटातून काढून पुन्हा वाचता येते, जुना चित्रपट पुन्हा पाहता येतो. ‘गिल्ड वॉर्स’ वीस वर्षांनंतरही, २०२५ मध्ये, सुरू होता. प्रांगण तेच होते, सरदारही आपल्या जागी उभा होता. परंतु एखाद्या जुन्या खेळाडूने तिथे प्रवेश केला, तर समोर येते ती गिल्डच्या सदस्यांची यादी. त्यात प्रत्येक नावापुढे तो शेवटचा कधी येऊन गेला, याची नोंद असते. कंपनी सर्व्हर चालू ठेवू शकते, नियम पूर्ववत करू शकते. त्या यादीतील आणखी सात जणांना एकाच रात्री, एकाच वेळी परत आणणे मात्र तिच्या हातात नाही.