नव्या घराला लोड किती?

अमडापुरात नवं घर बांधायचं म्हटलं की सिमेंट, लोखंड, फरशी यांवर महिनाभर खल होतो. विजेचा लोड मात्र अर्ज भरताना अर्ध्या मिनिटात ठरतो. एक जण सांगतो, ‘दोनच किलोवॅट टाका, बिल कमी येईल.’ दुसरा म्हणतो, ‘थ्री फेजच घ्या, कटकट नको.’ दोघंही चुकतात.

महावितरणच्या घरगुती दरात सिंगल फेजचा स्थिर आकार जोडणीमागे असतो. दोन किलोवॅट लिहा की पाच, तो बदलत नाही; बाकी बिल जळालेल्या युनिटांचं. थ्री फेजचा स्थिर आकार मात्र तिपटीहून जास्त आहे, आणि घर कुलूपबंद असलं तरी तो दरमहा भरावा लागतो.

मग थ्री फेजचा सल्ला येतो कुठून? सरळ बेरजेतून. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, कूलर मिळून साधारण एक किलोवॅट. गीझर दोन, दीड टनाचा एसी सुमारे १.६, इस्त्री एक, मिक्सर पाऊण, एक एचपीची मोटर चालताना सुमारे एक, वॉशिंग मशीन ०.४. एकूण पावणेआठच्या आसपास. आकडा बघून कुणीही दचकेल.

पण हे सगळं एकाच वेळी चालतं का? मे महिन्याच्या दुपारी एसी, पंखे, फ्रिज, टीव्ही आणि वर मोटर धरली तरी सव्वातीन किलोवॅटच्या आत भागतं. खरा ताण येतो थंडीतल्या सकाळी: गीझर तापतोय, मोटर टाकी भरतेय, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतोय. तेव्हा होतात चार किलोवॅट, म्हणजे साडेसतरा अँपिअर. त्या वेळी एसी लावायची कुणाची हिंमत आहे! मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, तेवढी जागा ठेवून पाच किलोवॅट सिंगल फेज अशा घराला पुरते. पिठाची गिरणी टाकायची असेल, तर गोष्ट वेगळी.

‘लोड वाढवला की व्होल्टेज सुधारतं’ हाही भ्रमच. कागदावरच्या आकड्यानं पंखा जोरात फिरत नाही. व्होल्टेज पडतं ते डीपीवर भार जास्त झाल्यामुळे किंवा बारीक तारेमुळे. खांबापासून ३० मीटरवर घर असेल आणि चार एमएमची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल, तर २० अँपिअरला सुमारे नऊ व्होल्ट तारेतच जातात. दहा एमएम टाकली, तर चारही जात नाहीत.

सर्वांत धोक्याची समजूत एमसीबीबद्दलची. सारखी पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणारे वायरमन मी पाहिले आहेत. एमसीबी भिंतीतल्या तारेला जपते. तार तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर ती पडायच्या आधी तार तापून तिच्यावरचं आवरण वितळू शकतं. माणसाला झटक्यापासून वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगलं आर्थिंग लागतं. ही दोन्ही घर बांधतानाच करून घ्या.

आणि प्लास्टर व्हायच्या आत गीझरला, एसीला चार एमएमची तांब्याची वेगळी लाईन ओढून ठेवा. लोड नंतर अर्ज करून वाढवता येतो. त्या तारेसाठी भिंत फोडावी लागते.