पहिला पीस पास झाला का?

मुलांनो, सातपूरला ज्यांचे बाबा, काका किंवा मामा कंपनीत जातात, त्यांच्या कानावर 'फर्स्ट पीस' हा शब्द नक्की पडला असेल. मशीनवर नवा जॉब लागला, की ऑपरेटर आधी एकच नग काढतो. तो जातो क्वालिटीवाल्यांकडे. ते व्हर्नियर लावतात, मायक्रोमीटर लावतात, ड्रॉइंगशी ताडून पाहतात. माप जुळलं तर 'ओके', मग पुढचे हजार नग निघतात. नाही जुळलं तर सेटिंग बदलायचं आणि पुन्हा पहिला पीस काढायचा! हजार नग काढल्यावर चूक कळली तर सगळा माल भंगारात. त्यापेक्षा एकावर भागलेलं बरं, नाही का?

आता गंमत ऐका. टीव्हीवरच्या ज्या विनोदी मालिका बघून तुम्ही पोट धरून हसता, त्यांचाही असाच फर्स्ट पीस निघू शकतो. त्याला म्हणतात 'पायलट'. तुम्ही म्हणाल, पायलट म्हणजे तर विमान चालवणारा! बरोबर. पण मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावणारी पायलट गाडीही तुम्ही पाहिली असेल. पुढचा रस्ता ठीक आहे ना, हे पाहत ती आधी जाते. मालिकेच्या पायलट भागाचं कामही हेच. आधी एकच भाग बनवायचा, तो वाहिनीच्या लोकांना दाखवायचा, आणि त्यांना पसंत पडला तरच बाकीचे भाग करायचे.

पण इथे एक मोठी अडचण आहे. नगाला व्हर्नियर लावता येतो. हसण्याला कोणता व्हर्नियर लावायचा?

वाटाण्याचा पायलट

त्याआधी आपल्याच भागातली एक गोष्ट सांगतो. सातपूरवरून जाणारा रस्ता पुढे त्र्यंबकेश्वरला पोहोचतो. तिथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. हेच आपले दादासाहेब फाळके.

१९१२ साली दादासाहेब लंडनहून कॅमेरा घेऊन आले. त्या प्रवासासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. आता पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा, तर आणखी भांडवल हवं. पण सिनेमा काढतो म्हणणाऱ्याला पैसे देणार कोण?

दादासाहेबांनी काय केलं असेल? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडी थोडी चित्रं घेतली. महिन्याहून जास्त दिवस हे चाललं. मग ती फिल्म पडद्यावर दाखवली, तर काय! बी फुटतं, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल चढतो, आणि हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत! ही फिल्म 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखली जाते. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांना भरवसा वाटला आणि कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यानंतर दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलवला.

वाटाण्याच्या फिल्मला तेव्हा कुणी पायलट म्हणत नव्हतं. पण काम तेच होतं. नुसतं बोलून कुणाची खात्री पटत नसेल, तर थोडंसं करून दाखवायचं!

तेरा भागांचं कोडं

आता टीव्हीकडे येऊ. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही विनोदी मालिका आली आणि घराघरांतली माणसं हसू लागली. शरद जोशींच्या लेखणीतली ही मालिका. तिच्यात सतीश शहा जवळजवळ प्रत्येक भागात नवीन सोंग घेऊन यायचे. त्यानंतर मालिका काढायला पुष्कळ जण पुढे आले. या निर्मात्यांनी दूरदर्शनकडे आधी गोष्टीचा आराखडा द्यायचा. तो पसंत पडला, की स्वतःच्या खर्चाने पायलट करायचा. मग समिती तो भाग बघणार. समितीने मान डोलावली तर बहुतेक वेळा तेरा भागांची मंजुरी मिळे.

तेराच का? वर्षाचे आठवडे बावन्न. त्याचे चार भाग करा. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने झाले!

आणि समितीने मान हलवली नाही तर? पायलटचा सगळा खर्च निर्मात्याच्या डोक्यावर. कलाकारांची मेहनत कपाटातल्या कॅसेटमध्ये बंद. खाजगी वाहिन्या आल्यावरही हा धोका टळला नाही. एकता कपूर यांनी सुरुवातीला केलेले पायलट एकामागून एक नाकारले गेले होते. मग १९९५ साली झी टीव्हीवर 'हम पाँच' आली. अशोक सराफ पाच मुलींचे बाबा, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी त्यांची स्वर्गवासी बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर! तसबीर बोलते ही कल्पना कागदावर वाचली तर विचित्रच वाटेल. पडद्यावर पाहिली तेव्हा लोक हसले.

हसण्याचं माप

अमेरिकेत पायलटची परीक्षा फार पूर्वीपासून यंत्रं लावून घेतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक स्टँटन आणि पॉल लाझर्सफेल्ड या दोघांनी रेडिओच्या कार्यक्रमांसाठी एक यंत्र तयार केलं. श्रोत्याच्या हातात दोन बटणं. आवडलं की हिरवं दाबायचं, नाही आवडलं की लाल. कुठल्या क्षणी श्रोता खूश झाला आणि कुठे कंटाळला, ते सरकत्या कागदावर उमटायचं.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये 'प्रिव्ह्यू हाऊस' नावाचं थिएटर निघालं. तिथे खुर्चीजवळ गोल बटण असे. 'फारच कंटाळवाणं'पासून 'फारच छान'पर्यंत ते फिरवायचं. पण एक शंका येते. आजचे प्रेक्षकच हसऱ्या स्वभावाचे असले तर? किंवा सगळे वैतागून आलेले असले तर? यावर त्यांनी नामी युक्ती काढली होती. आधी सगळ्यांना मिस्टर मगू या अगदी अधू नजरेच्या आजोबांचं एकच ठरलेलं कार्टून दाखवायचं. त्याला नेहमीपेक्षा जास्त हसले तर आजची मंडळी हसरी आहे, तेवढे गुण कमी धरायचे. कंपनीत गेज वापरण्यापूर्वी तो बरोबर आहे का, हे तपासतात ना? तसंच हे प्रेक्षकांचं कॅलिब्रेशन!

नापास झालेले पास

एवढी तयारी, तरी यंत्राचं उत्तर चुकायचं. १९८९ साली 'साइनफेल्ड' नावाच्या मालिकेचा पायलट अमेरिकेत प्रेक्षकांना दाखवला. अहवाल आला : कमकुवत. तरी वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने हट्ट धरून फक्त चार भाग करवून घेतले. हळूहळू चुका सुधारत गेल्या. पायलटमधल्या शेजाऱ्याचं नाव होतं केसलर, ते झालं क्रेमर. मुख्य चौघांतली इलेन तर पायलटमध्ये नव्हतीच! ती नंतर आली. ही नापास मालिका पुढे १९९८ पर्यंत चालली आणि जगातल्या गाजलेल्या विनोदी मालिकांत जाऊन बसली.

'द बिग बँग थिअरी'चा २००६ सालचा पहिला पायलटही वाहिनीने नाकारला. त्यातली कडवट स्वभावाची नायिका प्रेक्षकांना रुचली नाही. पण वाहिनी म्हणाली, पुन्हा करून आणा. मग पेनी ही मनमिळाऊ मुलगी आली, दोन नवे मित्र आले, आणि २००७ ते २०१९ या काळात मालिकेचे २७९ भाग झाले.

असं का होतं? कारण विनोदी मालिकेतलं हसू ओळखीतून येतं. वर्गात नवीन आलेल्या मुलाच्या विनोदावर पहिल्या दिवशी कोण हसतं? महिन्याभराने तोच नुसता उभा राहिला तरी आपल्याला हसू फुटतं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाता उरतात साधारण बावीस मिनिटं. तेवढ्यात पायलटने सगळ्यांची ओळखही करून द्यायची आणि हसवायचंही. सोपं नाही बरं का!

आपला कागदावरचा पायलट

आपल्याकडे मात्र ही ओळख करून द्यायचा एक स्वस्त आणि मस्त मार्ग पुष्कळदा वापरला गेला. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात आले, तोवर मराठी घरांत ते पुस्तकांतून कधीचे ओळखीचे झाले होते. १९८८ साली आलेले 'वागले की दुनिया'तले वागले आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या सामान्य माणसाच्या कुळातले. २००१ साली सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून आली. आणि २००८ पासूनची 'तारक मेहता का उल्टा चश्मा' तारक मेहतांच्या गुजराती सदरातून. म्हणजे पडद्यावर येण्याआधी या माणसांची परीक्षा वाचकांनी घेऊन टाकली होती! कागदाला ना कॅमेरा लागतो, ना सेट.

अलीकडे आणखी एक प्रयोग झाला. २०१३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने १४ पायलट एकदम इंटरनेटवर ठेवले आणि लोकांनाच विचारलं, यातलं पुढे काय करू? त्यात आठ विनोदी होते आणि सहा खास मुलांसाठी. आज मात्र अनेक वेब मालिकांचे सगळे भाग आधीच तयार होतात. फर्स्ट पीस न तपासता थेट लॉट!

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. पायलट नापास झाला की शहाणी वाहिनी विचारते, कुठे बदलू? मुलगा पहिल्या घटक चाचणीत घसरला, तर हाच प्रश्न त्याला विचारून बघा.

करून पाहा

शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटुकलं बसवताय ना? मग त्यातली पाचच मिनिटं आधी बसवा. जवळच्या मैत्रिणींना दाखवू नका, त्या प्रेमाने हसतील. दुसऱ्या वर्गातली दहा मुलं बोलवा. आधी त्यांना एक ठरलेला विनोद सांगा आणि किती जण हसतात ते मोजा. तेच तुमचे मिस्टर मगू! मग नाटुकलं सुरू करा. एकाने मागे उभं राहून वहीत खुणा करायच्या : हसले तिथे बरोबर, चुळबुळले तिथे फुली. आणि फुली पडलेलं वाक्य लगेच काढून टाकू नका बरं. आधी ते दुसऱ्याच्या तोंडी देऊन पाहा.