सीलबंद मारिओ, झिजलेला मारिओ

जुलै २०२१मध्ये ‘हेरिटेज ऑक्शन्स’ या अमेरिकी लिलावगृहात ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. रुपयांत ही रक्कम अकरा कोटींच्या वर भरते. पुढच्याच महिन्यात १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत २० लाख डॉलरला विकली गेल्याची बातमी आली. आता गंमत अशी, की ‘मारिओ ६४’ हा काही दुर्मीळ खेळ नव्हे. १९९६ साली तो बाजारात आला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. वापरलेली, पण ठणठणीत चालणारी प्रत आजही काही हजार रुपयांत मिळते. मग दुर्मीळ होते काय? तर खोक्यावरचे प्लास्टिकचे पातळ वेष्टण, जे कोणी कधी फाडले नव्हते. अकरा कोटी मोजले गेले ते खेळासाठी नव्हेत. तो कधीच खेळला गेला नाही, या खात्रीसाठी.

जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्या प्रत्येकाच्या घरात हा वाद लहान प्रमाणात चालूच असतो. ठेवायचे की खेळायचे? माझ्या कपाटात आज दोनशेच्या आसपास कॅसेटी आहेत आणि शेवटच्या पायरीपर्यंत खेळून झालेल्या वीसही नाहीत. ‘कॅसेट’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात, पण आपल्याकडे ती पहिल्या दिवसापासून कॅसेटच होती. जपानी माणसेही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात, त्यामुळे आपण फार गावंढळ ठरतो असे समजण्याचे कारण नाही. जपानी भाषेत आणखी एक उपयोगी शब्द आहे. विकत घेऊन न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला तिथे ‘त्सुंदोकू’ म्हणतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. त्याच धर्तीवर विकत घेऊन न खेळलेल्या गेम्सच्या ढिगाला ‘त्सुमिगे’ असा शब्द तयार झाला. शब्द तयार झाला, म्हणजे रोगही सार्वत्रिक असणार.

मात्र पुस्तकाची आणि गेमची ही तुलना फार लांब नेता येत नाही. न वाचलेले पुस्तक फळीवर शंभर वर्षे राहिले, तरी ते उघडून पहिले पान वाचता येते. गेमची गोष्ट वेगळी आहे. कॅसेटमध्ये खेळ नसतो. खेळाची आज्ञावली असते. ती वाचणारे यंत्र, ते चित्र दाखवणारा पडदा आणि बटणावर ठेवलेला अंगठा ही तीन माणसे-वस्तूंची जुळणी झाली, तरच खेळ अस्तित्वात येतो. वीज बंद झाली, की तो नाहीसा होतो. संगीताशी तुलना केली, तर कॅसेट म्हणजे बंदिशीची वही आहे, मैफल नव्हे.

आणि ही वही ठेवल्या जागी सुरक्षित राहते, हाही भ्रमच आहे. मी टीव्ही-दुरुस्तीच्या धंद्यातून या अभ्यासाकडे आलो, त्यामुळे मला आधी आतले भाग दिसतात. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ जपानमध्ये १९८६ साली चकतीवर आला आणि १९८७ साली अमेरिकेत कॅसेटवर. खेळ लांबलचक, एका बैठकीत न संपणारा. म्हणून कॅसेटच्या आत स्मृतीची एक चिप आणि ती जागी ठेवण्यासाठी घड्याळात असते तशी बटणाच्या आकाराची बॅटरी बसवली होती. आपण कुठवर पोहोचलो, हे त्या बॅटरीच्या जिवावर लिहून राहते. ही बॅटरी खोके सीलबंद असले तरी उतरतच जाते. १९९९च्या ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये तर त्याच बॅटरीवर एक घड्याळही चालते, कारण खेळात दिवस-रात्र होते. त्या कॅसेटींच्या बॅटऱ्या आणखी लवकर संपल्या. म्हणजे काचेत जपलेल्या प्रतीतली नोंद ठेवण्याची शक्ती एव्हाना गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. बॅटरी बदलता येते, अर्ध्या तासाचे काम आहे. पण त्यासाठी खोके उघडावे लागते, आणि खोके उघडले की किंमत गेली.

यंत्रांचे हाल त्याहून वाईट. सेगा कंपनीच्या १९९०च्या ‘गेम गिअर’ या हातात धरायच्या यंत्रातले कपॅसिटर कुप्रसिद्ध आहेत. त्यांतला द्रव वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि पाटीवरचे तांब्याचे रस्ते खातो. यंत्र वापरा किंवा वापरू नका, तो झिरपतोच. रोज वापरणाऱ्याला निदान आवाज बारीक झाल्याचे, चित्र फिके पडल्याचे वेळेवर कळते आणि तो डागडुजी करतो. काचेतले यंत्र आतून कुजत जाते आणि बाहेरून नवे दिसते.

आपल्या घरातल्या बायकांना हे शास्त्र फार पूर्वीपासून माहीत आहे. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली, तर ती नेमकी घडीवर विरते. म्हणून ती अधूनमधून काढायची, वाऱ्यावर टाकायची, घडी मोडून दुसरी घालायची, आणि एखाद्या लग्नात नेसायचीही. जपणे आणि वापरणे यांत तिथे भांडण नाही. लिलावाच्या बाजाराने हे भांडण लावले.

अर्थात वापराने वस्तू झिजते, हेही तितकेच खरे. निन्टेन्डोने अमेरिकेत १९८५ साली आणलेल्या यंत्रात कॅसेट आडवी सरकवून खाली दाबायची असे. ७२ पिनांचा तो सांधा लवकर सैल पडे. त्यात भर म्हणून नकली कॅसेट ओळखणारी एक चिप आत बसवलेली. तिचा संपर्क नीट झाला नाही, की यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद होई आणि तांबडा दिवा लुकलुके. मग पोरे कॅसेट काढून तोंडात धरल्यासारखी फुंकर मारत. जगाच्या पाठीवर कुणी कुणाला न शिकवता सगळ्या मुलांनी ही फुंकर शोधून काढली. खरे तर काम होई ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पिनांना गंजच चढे. म्हणजे प्रेमाने मारलेली प्रत्येक फुंकर त्या वस्तूचे आयुष्य थोडे कमी करत होती.

इथे आपल्याकडची कहाणी सुरू होते आणि माझी खरी अस्वस्थताही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक ठिकाणी निन्टेन्डोच्या १९८३च्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. मूळ यंत्रातले अनेक भाग एकाच चिपमध्ये कोंबून वर काळ्या राळेचा थेंब टाकलेला असे. सोबत एलिमिनेटर, दोन रिमोट, क्वचित एक बंदूक, आणि ‘९९९९ इन १’ असे छातीठोक लिहिलेली कॅसेट. त्या यादीत प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळ असत. तोच ‘काँट्रा’ एका क्रमांकावर तीन जिवांनी, दुसऱ्यावर तीस जिवांनी, तिसऱ्यावर थेट पुढच्या पायरीपासून सुरू होई. ‘बॅटल सिटी’ हा नाम्को कंपनीचा १९८५चा रणगाड्यांचा खेळ त्या काळी अमेरिकेत अधिकृतपणे विकलाच गेला नाही, पण आपल्याकडे तो घरोघरी होता. भावाभावांची, मावस-चुलत भावंडांची जोडी जमवून तो खेळला जाई, आणि आपल्याच भिडूच्या रणगाड्यावर गोळी झाडून त्याला गोठवण्यावरून खऱ्या मारामाऱ्या होत. त्याची ‘टँक १९९०’ नावाची कुणीतरी फेरफार केलेली आवृत्तीही फिरत होती. रशियातही असेच घडले. तिथे १९९२ पासून ‘डेंडी’ या नावाने अशीच नक्कल विकली गेली आणि एका पिढीसाठी व्हिडिओ गेम म्हणजे डेंडीच झाला.

या नकली कॅसेटी कुणीही जमवल्या नाहीत. त्या खेळल्या गेल्या, अदलाबदल झाल्या, भाड्याने गेल्या, बिघडल्यावर भंगारात निघाल्या. दुकानात माझ्याकडे अशी यंत्रे डझनाने येत. एलिमिनेटरची वायर तुटलेली, रिमोटच्या बटणाखालचा रबर झिजून गेलेला. आज मला त्या काळच्या कॅसेटींतला कार्यक्रम नेमका कसा होता, कोणत्या यादीत कोणता खेळ कसा बदलला होता, हे मांडायचे तर हाताशी नमुनेच अपुरे आहेत. सीलबंद अमेरिकी मारिओचा अभ्यास करता येत नाही, कारण तो उघडता येत नाही. आतल्या चिपवर आज्ञावलीची कोणती आवृत्ती आहे, हे त्या बंद प्रतीपुरते तरी कुणी पाहिलेले नाही. आणि इचलकरंजीच्या एखाद्या घरातला मारिओ अभ्यासता येत नाही, कारण तो खेळून खेळून संपला. इतिहास लिहू पाहणाऱ्याला दोन्हीकडे दार बंदच.

बाजारात नव्याने काय मिळते, याचा हिशेब अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ साली मांडला. २०१०पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांसाठी दुरून उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. म्हणजे जमवणाऱ्यांची गरज आहेच. त्यांना नुसते हावरट म्हणून मोडीत काढणारे खेळाडू मला पटत नाहीत. खोके, माहितीपुस्तिका, दुकानाची पावती हे सगळे संग्राहकाने राखले म्हणून उरते. खेळणाऱ्या पोराने तर पुस्तिकेचे विमान करून उडवलेले असते.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेल्यावर मला दरवेळी हा प्रश्न नव्याने सुचतो. तिथले दिवे, अडकित्ते, वाद्ये रोजच्या हाताळणीतून घडलेली आहेत. काचेआडचा दिवा पेटत नाही, हे मान्य. पण तो कसा पेटत असेल, हे पाहणाऱ्याला कळते. गेमच्या कॅसेटकडे नुसते पाहून काहीच कळत नाही. म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात जुनी यंत्रे चालू ठेवून पाहुण्यांना खेळू देतात. ती बिघडतात, दुरुस्त होतात. मला हीच वाट बरोबर वाटते.

घरगुती पातळीवर यातून मार्ग निघतो तो कॅसेट आणि तिच्यातला कार्यक्रम यांची फारकत करून. कॅसेटमधली आज्ञावली एका छोट्या यंत्राने संगणकावर उतरवून घ्यायची, आणि रोजच्या खेळासाठी ती मेमरी कार्ड लागणाऱ्या कोऱ्या कॅसेटमध्ये घालायची. मूळ कॅसेट कपाटात राहते, पण मूळ यंत्र, मूळ रिमोट आणि जुना काचेचा टीव्ही कामात राहतात. टीव्हीचा आग्रह हा नुसता हळवेपणा नव्हे. ‘डक हंट’च्या बंदुकीचा घोडा ओढला, की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदूक तो उजेड टिपते. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर हे जितक्या नेमक्या वेळी होते, तितके आजच्या सपाट पडद्यावर होत नाही, आणि बदक काही केल्या मरत नाही. खेळून पाहिले नसते, तर ही गोष्ट कोणत्या खोक्यावरून कळली असती?

स्वतःपुरता मी एक नियम घातला आहे. नवी कॅसेट आली, की ती कपाटात जाण्यापूर्वी निदान एक संध्याकाळ खेळायची आणि वहीत लिहायचे: यादीत काय काय निघाले, कुठे अडकलो, आवाज कसा होता. खेळून झाल्याशिवाय दुसरी विकत आणायची नाही. या नियमाने माझी खरेदी निम्म्यावर आली, हे घरच्यांना सर्वांत आवडले.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असा एखादा टीव्ही गेम निघाला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. तसाच जुन्या एलिमिनेटरला जोडून लगेच चालूही करू नका, कारण त्याचे व्होल्ट किंवा ध्रुव चुकीचे असले तर चिप जळते. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, फुंकर मारू नका. चालू झाला, तर सुरुवातीच्या यादीचे पान न् पान फोटोत घ्या, मग ज्याच्यासाठी तो घेतला होता त्या भावाला किंवा लेकाला बोलावून दुसरा रिमोट त्याच्या हातात द्या. तो कोणता क्रमांक शोधतो, हेही लिहून ठेवा. गेल्या वर्षी अशाच एका ‘९९९९’च्या कॅसेटमध्ये मी मोजून अकरा खेळ भरले. पन्नाशीला आलेल्या तिच्या मालकाने मात्र यादी न वाचता खालचे बटण सत्तावीस वेळा दाबले आणि तीस जिवांचा ‘काँट्रा’ सुरू केला.