‘लहान ससा’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थविचार

सातपुड्याच्या पायथ्याकडील अंजनगाव सुर्जी हे गाव इतिहासात ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे, तर वऱ्हाडात केळी, संत्री व पानमळे यांमुळे परिचित आहे. फळ जेथे घरोघर हाताशी असते, तेथे पाळलेल्या सशापुढेही ते कौतुकाने ठेवले जावे, हे स्वाभाविकच होय. ‘ससा लहान आहे, मऊ केळे चालेल’ असे वाक्य अशा घरी सहज तोंडी येण्याजोगे आहे. परंतु या वाक्यातील ‘ससा’ आणि ‘लहान’ हे दोन्ही शब्द अनेकार्थी आहेत, आणि त्या अनेकार्थतेचे फळ एका मुक्या प्राण्यास भोगावे लागते.

प्रथम ‘ससा’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘शश’, प्राकृत ‘सस’ व मराठी ‘ससा’ ही परंपरा स्पष्ट आहे. इंग्रजी ‘हेअर’ हा शब्दही याच मूळ कुळातील होय. या सर्वांचा मूळ वाच्यार्थ रानससा हाच. ‘ससेहोलपट’ या शब्दात दिसतो तो शिकाऱ्यापुढे उघड्या माळावर जीव घेऊन धावणारा प्राणी. पाळीव ससा मात्र मूळचा नैर्ऋत्य युरोपातील, बिळात राहणारा आणि निराळ्या वंशातील आहे. रानसशाची गुणसूत्रे ४८, तर पाळीव सशाची ४४ असतात. रानसशाचे पिल्लू जन्मतः केसाळ व उघड्या डोळ्यांचे असते. पाळीव सशाचे पिल्लू केसरहित असून त्याचे डोळे मिटलेले असतात. शेतात आढळलेले पिल्लू ‘लहान ससा’ म्हणून घरी आणणे हे, म्हणूनच, शब्दाने केलेली फसवणूक ठरते. रानसशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षणही आहे.

‘लहान’ या विशेषणाचे येथे तीन अर्थ संभवतात : वयाने लहान, जातीने लहान आणि पोषणाअभावी खुरटलेला. नेदरलँड ड्वार्फ जातीचा पूर्ण वाढलेला ससा सुमारे १ किलो वजनाचा असतो. न्यूझीलंड व्हाइट ही जात नावाने न्यूझीलंडची असली तरी अमेरिकेत सिद्ध झाली. तिचा प्रौढ ससा ४ ते ५ किलो भरतो. फ्लेमिश जायंट ६ किलोंच्याही पुढे जातो. न्यूझीलंड व्हाइटचे दीडदोन महिन्यांचे पिल्लू प्रौढ ड्वार्फ सशाएवढ्याच वजनाचे असू शकते. तेव्हा केवळ तराजूवरून जात ठरत नाही. जन्मदिनांक आणि आईबापांचे वजन विचारणे आवश्यक ठरते.

हा भेद आहारात निर्णायक ठरतो. सशाच्या अंधांत्रात सूक्ष्मजीव गवतातील तंतूंचे विघटन करतात. तेथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो व त्यांतून पोषण मिळवितो. त्याचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्यांची झीज होण्यासही गवतच लागते. आहाराचा बहुतांश भाग, म्हणून, गवत हाच असावा. पिकल्या केळ्यात शंभर ग्रॅमला सुमारे १२ ग्रॅम शर्करा असते. अतिरिक्त शर्करा व अल्प तंतू यांमुळे सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो, पोटात वायू धरतो व आतड्यांची गती मंदावते. आणि सशाला ओकता येत नाही.

यावरून पुढील मर्यादा निघतात. सुमारे तीन महिन्यांखालील पिल्लास, मग ते कोणत्याही जातीचे असो, फळ देऊ नये. २ किलोंच्या प्रौढ सशास आठवड्यातून एकदोनदा चमचाभर केळे वा सोललेल्या संत्र्याची एखादी लहान फोड पुरे. १ किलोच्या सशास त्याच्या निम्मे. खुरटलेल्या सशास फळ हे औषध नव्हे. त्याला पशुवैद्यास दाखवावे. ससा अर्धा दिवस काही खात नसेल व लेंड्याही टाकत नसेल, तर विलंब न लावता तेच करावे.

‘लहान’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अर्थविचारात नेहमी ‘कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो. केळ्याची चकती सशापुढे धरण्यापूर्वीही तोच प्रश्न विचारावयाचा असतो.