दाढी त्यांची, शेपूट रोमनांचं

ऑफिसच्या एका प्रेझेंटेशनमध्ये 'लोम्बार्ड लोन' हा शब्द आला आणि मी अडकले. शेअर्स, बॉण्ड्स तारण ठेवून काढलेलं कर्ज, एवढं कळलं. पण हा लोम्बार्ड कोण बुवा?

मध्ययुगात उत्तर इटलीतले सावकार युरोपभर पसरले, त्यांना सरसकट लोम्बार्ड म्हणत. लंडनची लोम्बार्ड स्ट्रीट त्यांच्यावरूनच. त्याच्याही मागे गेलं की भेटते एल्ब नदीकाठची एक जर्मानिक टोळी. इसवी सन 98 च्या सुमारास टॅसिटस त्यांना 'लांगोबार्डी' म्हणतो. फंडा सोपा आहे: 'लांग' म्हणजे लांब, 'बार्ड' म्हणजे दाढी. ज्याची दाढी लांब तो! शाळेतला लंबोदर आठवतोय? सेम टू सेम बहुव्रीही. (काही जण 'बार्ड' म्हणजे कुऱ्हाड म्हणतात, पण पारडं दाढीचंच जड.)

खरी गंमत शेपटात आहे. लॅटिनने शब्द घेतला आणि आपले प्रत्यय चिकटवले. एकटा असेल तर लांगोबार्डुस, अनेक असले की लांगोबार्डी, आणि 'लांगोबार्डांचा' म्हणायचं तर लांगोबार्डोरुम. आपण नाही का 'फाइल'च्या 'फायली' करतो, तसंच. आतला शब्द मात्र जर्मानिकच राहिला. लॅटिनमध्ये दाढी म्हणजे 'बार्बा'. रोमनांनी स्वतः नाव घडवलं असतं तर तिथे 'ड' आलाच नसता. 'लांगो'चं पुढे 'लोंगो' झालं, कारण लॅटिन कानाला 'लोंगुस', म्हणजे लांब, ओळखीचा.

568 मध्ये हे लोक इटलीत घुसले, राज्य थाटलं. 774 मध्ये शार्लमेनने ते गिळलं. त्यानंतर पॉल द डीकन या लांगोबार्ड भिक्षूने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला, तोही लॅटिनमध्येच. शीर्षक 'हिस्तोरिया लांगोबार्डोरुम'. याचा सख्खा भाऊ शार्लमेनच्या कैदेत पडलेला, बरं का!

नावाची दंतकथा त्यातच आहे. पूर्वी हे लोक 'विन्निली'. लढाईच्या सकाळी बायकांनी केस सोडून दाढीसारखे चेहऱ्यावर घेतले. गोदान देवाने विचारलं, हे लांब दाढीवाले कोण? त्याची बायको फ्रेआ म्हणाली, नाव दिलंस ना, आता विजयही दे. ही कथा हास्यास्पद आहे असं पॉल स्वतःच म्हणतो, आणि तरीही अख्खी सांगतो. मला तो तिथे फार आवडला.

त्याचं पुस्तक 744 मध्ये, लिउटप्रांड राजाच्या मृत्यूपाशी थांबतं. पराभवाची तीस वर्षं तेव्हा अजून पुढे आहेत.