चमकले म्हणजे सापडले असे नव्हे

सशाला परके प्रथिन टोचले की त्याचे शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करते. सशाच्या रक्तातून त्या वेगळ्या केल्या की ते प्रथिन हुडकण्याचे साधन संशोधकाच्या हाती येते. ॲक्टिन या प्रथिनाच्या बाबतीत मात्र गाडी इथेच अडत होती. ॲक्टिन उंदरात आहे, कोंबडीत आहे, माणसात आहे आणि खुद्द सशातही आहे. उत्क्रांतीच्या एवढ्या लांब वाटचालीत त्यात बदल झाला तो नावापुरता. त्यामुळे दुसऱ्या प्राण्याचे ॲक्टिन टोचले तरी सशाची प्रतिकारयंत्रणा ते आपलेच समजून सोडून देई.

१९७४ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत इलियास लाझारिडीस आणि क्लाउस वेबर यांनी यातून वाट काढली. उंदराच्या पेशींतील प्रथिने त्यांनी एसडीएस या डिटर्जंटमध्ये मिसळून जेलवर वेगळी केली. एसडीएसमुळे प्रथिनाची मूळची घडी मोडते. अशा घडी मोडलेल्या ॲक्टिनला सशांनी प्रतिसाद दिला. मिळालेली प्रतिपिंडे पेशींवर सोडली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेले तंतूंचे जुडगे उजळून निघाले. ॲक्टिनची ओळख तोवर प्रामुख्याने स्नायूंचे प्रथिन अशी होती. स्नायूंशी संबंध नसलेल्या पेशींतही त्याचे असे रेखीव जाळे असते, हे आता डोळ्यांना दिसले.

या जाळ्याला पेशीचा सांगाडा म्हणतात, पण हाडांच्या सांगाड्यासारखा तो कायमचा नसतो. मांडवाच्या बांबूंसारखा तो गरजेप्रमाणे उभा राहतो, सोडवला जातो आणि तेच बांबू दुसरीकडे वापरात येतात. त्यात तंतूंचे तीन प्रकार आहेत. ॲक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाड असतात. पेशीचा आकार आणि सरकणे ते सांभाळतात. ट्युब्युलिनपासून बनलेल्या, २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिकांवरून पेशीतील मालाची ने-आण होते आणि पेशी विभागताना गुणसूत्रे ओढली जातात. तिसरे, मधल्या जाडीचे, सुमारे १० नॅनोमीटरचे तंतू पेशीला ताण सोसण्याचे बळ देतात. हे तंतू ऊतीनुसार बदलतात: त्वचेत आणि आतल्या अस्तरांत केराटिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, स्नायूत डेस्मिन, मेंदूतील आधारपेशींत जीएफएपी.

आज हे तंतू पाहण्याची पद्धत पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आलेला विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतो. काचेच्या कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी फॉर्मल्डिहाइडने आहेत तशा थिजवायच्या. ट्रायटन या डिटर्जंटने पेशीच्या पटलाला भोके पाडायची, म्हणजे प्रतिपिंडांना आत शिरता येते. मग गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनचा द्राव टाकायचा, म्हणजे प्रतिपिंडे वाटेल तिथे चिकटत नाहीत. यानंतर येते ‘प्रायमरी’, म्हणजे हव्या त्या प्रथिनाला धरणारी, समजा उंदरापासून मिळवलेली, अँटिबॉडी. तिला रात्रभर फ्रिजमध्ये काम करू द्यायचे. सकाळी धुऊन ‘सेकंडरी’ टाकायची. ही बकरीकडून घेतलेली असते, उंदराच्या कुठल्याही प्रतिपिंडाला धरते आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. प्रतिपिंडाला चमकता रंग जोडण्याची मूळ कल्पना हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांची, १९४१ ची.

पडद्यावर हिरवे जाळे दिसले की काम झाले असे वाटते. पण सूक्ष्मदर्शक प्रथिन दाखवत नाही. सेकंडरीला जोडलेला रंग कुठे आहे तेवढेच दाखवतो. रंग आणि प्रथिन यांच्यामध्ये दोन प्रतिपिंडे, एक रसायन आणि करणाऱ्याचे हात असतात. यातला प्रत्येक दुवा दगा देऊ शकतो.

थंडीचेच घ्या. सस्तन प्राण्यांच्या पेशींतील सूक्ष्मनलिका बर्फाच्या तापमानाला विरघळतात. डिश इन्क्युबेटरमधून काढून थोडा वेळ बर्फावर ठेवली आणि मग पेशी थिजवल्या, तर ट्युब्युलिनची अँटिबॉडी उत्तम असूनही जाळ्याऐवजी नुसते धुके दिसते. प्रथिन सगळे तिथेच असते, त्याची नलिका उरलेली नसते. थिजवण्याच्या रसायनाचेही तसेच. उणे २० अंशांचे मेथॅनॉल क्षणात पेशी थिजवते आणि सूक्ष्मनलिका त्यात छान टिकतात. पण ॲक्टिनचे तंतू फॅलॉइडिनने रंगवायचे असतील तर मेथॅनॉल चालत नाही. फॅलॉइडिन हे ‘डेथ कॅप’ या विषारी अळंबीतले रसायन. ते अँटिबॉडी नाही, आणि तेच त्याचे मोल. ॲक्टिनच्या अँटिबॉडीने दाखवलेले तंतू खरे आहेत का, हे एका वेगळ्याच मार्गाने ताडून पाहता येते.

जाडीचाही घोळ आहे. एक प्रतिपिंड दहा-पंधरा नॅनोमीटरचे. नलिकेच्या अंगावर प्रायमरीचा थर, त्यावर सेकंडरीचा, म्हणजे २५ नॅनोमीटरची नलिका साठेक नॅनोमीटरची होते. साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरच्या आतले बारकावे दिसतच नाहीत, त्यामुळे तिथे हा फुगवटा खपून जातो. मग दिसणारी रेघ एका नलिकेची की पुष्कळ नलिकांच्या जुडग्याची? १९७८ मध्ये मेरी ऑस्बोर्न, वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एकच पेशी आधी प्रकाशात आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिली. पेशी पीटीके-२ होती, पोटोरू या छोट्या कांगारूवर्गीय प्राण्याच्या मूत्रपिंडातली, चपटी आणि म्हणून पाहायला सोयीची. दोन्ही चित्रे एकमेकांवर ताडली तेव्हा एकेक रेघ म्हणजे एकेक नलिका, हे पटले. आज अतिसूक्ष्म प्रतिमांकनाची यंत्रे दोनशे नॅनोमीटरच्या खाली उतरली आहेत. त्यामुळे तिथे तो फुगवटा पुन्हा डोकेदुखी झाला आहे.

सगळ्यात फसवी अडचण म्हणजे भावंडे. माणसात ॲक्टिनचे सहा प्रकार आहेत. त्यातले बीटा आणि गॅमा हे दोन प्रकार जवळजवळ सगळ्या पेशींत असतात आणि ३७५ अमिनो आम्लांपैकी फक्त चारांत वेगळे असतात. केराटिनची तर ५४ जनुके आहेत. अशा घरात एकालाच नेमके ओळखणारी अँटिबॉडी मिळवणे कष्टाचे. १९७५ मध्ये जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी एकाच पेशीवंशातून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळवण्याची पद्धत काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यामुळे एकाच बिंदूला धरणारी ‘क्लोन’ साधने आली. ट्युब्युलिनसाठी ‘डीएम-१ए’ हे नाव जगभरच्या प्रयोगशाळांत आज सगळ्यांच्या तोंडी आहे. पण एका बिंदूला धरणे म्हणजे एकाच प्रथिनाला धरणे नव्हे. तोच बिंदू भावंडातही असू शकतो.

बीटा-ॲक्टिनला प्रयोगशाळेत आणखी एक काम लावलेले आहे. जेलवर वेगळी केलेली प्रथिने पातळ पटलावर उतरवून अँटिबॉडीने हुडकण्याच्या ‘वेस्टर्न ब्लॉट’ या पद्धतीत दोन नमुन्यांतील एखाद्या प्रथिनाची तुलना करताना दोन्हीकडे सारखाच माल भरला होता, याची साक्ष म्हणून ४२ किलोडाल्टनच्या ॲक्टिनचा पट्टा दाखवतात. याला लोडिंग कंट्रोल म्हणतात. ॲक्टिन कुठेही तेवढेच असते, हे यामागचे गृहीत. प्रत्यक्षात स्नायूंच्या आद्यपेशी परिपक्व होताना बीटा-ॲक्टिन घटते आणि स्नायूंचे अल्फा-ॲक्टिन वाढते. सगळ्या ॲक्टिनांना सरसकट धरणारी अँटिबॉडी वापरली तर हा बदल झाकला जातो. फक्त बीटाची वापरली तर साक्षीदारच पक्षपाती ठरतो. शिवाय पेशीत ॲक्टिन इतके मुबलक असते की पट्टा लवकर गडद होऊन थांबतो, आणि दुप्पट माल भरला तरी पट्टा तसाच दिसतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? सर्वांत चोख कसोटी म्हणजे ज्या पेशीत ते प्रथिनच नाही, तिथे अँटिबॉडी गप्प बसते का, हे पाहणे. व्हायमेंटिनसाठी ही सोय झाली आहे. १९९४ मध्ये व्हायमेंटिनचे जनुकच नसलेले उंदीर तयार झाले. ते वाढले, त्यांना पिल्लेही झाली. अशा उंदराच्या पेशीतही ‘व्हायमेंटिनची’ अँटिबॉडी तंतू दाखवू लागली तर ती दुसरेच काही धरते आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गटाने २०२३ मध्ये मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी अशाच कसोटीवर घासून पाहिल्या. लक्ष्याला ओळखतच नसलेल्या अँटिबॉडीही शोधनिबंधांत वापरल्या गेल्याचे त्यातून समोर आले. ज्यांचा जनुकीय क्रम ठाऊक आहे आणि ज्या त्याच क्रमावरून पुन्हा पुन्हा तशाच बनवता येतात, त्या ‘रीकॉम्बिनंट’ अँटिबॉडी सर्वांत चांगल्या ठरल्या.

हा काटेकोरपणा प्रयोगशाळेपुरता नाही. वेबर आणि ऑस्बोर्न पुढे जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि मधल्या तंतूंवरून गाठीचे मूळ ओळखण्याच्या पद्धतीला त्यांनी आकार दिला. आज बायोप्सीच्या अहवालावरील ‘आयएचसी’ ही अक्षरे मुंबई-पुण्यातील कितीतरी कुटुंबांच्या ओळखीची आहेत. त्या तपासणीत गाठीच्या कापावर अँटिबॉडी टाकतात आणि ती चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो. केराटिन सापडले तर गाठ बहुधा अस्तराच्या पेशीची, डेस्मिन सापडले तर स्नायूंच्या वाटेवरची, जीएफएपी असेल तर मेंदूच्या आधारपेशीची. पण मूत्रपिंडाच्या कर्करोगात केराटिनबरोबर व्हायमेंटिनही दिसू शकते, आणि संयोजी ऊती, स्नायू यांसारख्या ऊतींच्या कर्करोगांतही, म्हणजे काही सार्कोमांतही, केराटिन सापडते. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत तोंडाच्या कर्करोगात केराटिन ८ आणि १८ यांचा अभ्यास झाला. तोंडाच्या निरोगी अस्तरात सहसा नसणारी ही जोडी कर्करोगात उगवलेली दिसते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट एका अँटिबॉडीवर निदान देत नाही. तो चार-पाचांचा संच लावतो, आणि ज्यात रंग यायलाच हवा आणि ज्यात येताच कामा नये, असे दोन्ही ऊतींचे काप सोबत तपासतो.

संशोधनाचा न्यायही हाच आहे. एखाद्या निबंधातले पेशीचे हिरवे-तांबडे देखणे चित्र पुढे आले की आधी शेजारी पाहावे. प्रायमरी न टाकता, फक्त सेकंडरी वापरून रंगवलेली पेशी दाखवली आहे का? ज्यात ते प्रथिन नाही अशी पेशी दाखवली आहे का? त्या दोन्ही काळ्या ठिक्कर असतील, तर हिरव्या जाळ्याला पुरावा म्हणता येईल.